बंद होते ती भलतीच गोळी

डिप्रेशनच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा दोन ओळी असतात. वरच्या ओळीत एसिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालिन, सकाळी नाश्त्यानंतर एक. खालच्या ओळीत क्लोनॅझेपाम, रात्री झोपताना अर्धी, आणि पुढे ‘१५ दिवस’. महिन्याभरात तोच माणूस परत येतो आणि म्हणतो, “ताई, ती रात्रीची गोळी तेवढी द्या. सकाळच्या गोळीनं काय फरक पडला नाही बघा, बंद केली ती.” मिरजेतलं आमचं मेडिकल सासऱ्यांच्या वेळचं. लग्नानंतर बी. फार्मचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून मी त्याच काउंटरमागे उभी राहिले, आणि या आजाराच्या गिऱ्हाइकांकडून हेच वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकत आले. आजार बरा करायला दिलेली गोळी लोक सोडतात आणि थोड्या दिवसांसाठी दिलेली घट्ट धरून ठेवतात.

यात लोकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. क्लोनॅझेपाम घेतली की तासाभरात छातीतली धडधड उतरते, डोळा लागतो. कितीतरी रात्री जागून काढलेल्या माणसाला तीच खरी गोळी वाटणार. सकाळची गोळी पहिल्या आठवड्यात देते काय, तर मळमळ, डोकेदुखी, कधी उलट जास्तच अस्वस्थपणा. मनावर तिचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता दिसायला सहा-आठसुद्धा. तोवर घरात कोणीतरी म्हणतं, गोळ्यांनी तू आणखीच गळून गेलीस. शेजारीण म्हणते, आमच्या जावेला एकदा चालू झाल्या त्या सुटल्याच नाहीत. की गोळी गेली कचऱ्यात.

दाढ सुजली की दंतवैद्य दोन गोळ्या देतो, एक ठणका थांबवणारी आणि एक संसर्ग मारणारी. ठणका थांबला म्हणून दुसरी सोडून पहिलीच चघळत बसलं तर काय होईल, हे कोणालाही कळतं. मनाच्या आजारात तेच घडतं तेव्हा मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

सवय कुठल्या गोळीची लागते हे कायद्यालाही चांगलं ठाऊक आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या गोळ्यांसाठी १ मार्च २०१४ पासून आम्हाला वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती नग, सगळं लिहायचं आणि वही तीन वर्षं सांभाळायची. क्लोनॅझेपामच्या पाकिटावर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ असतं, म्हणजे गुंगीच्या औषधांच्या कायद्याची नजर तिच्यावर आहे. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांना चिठ्ठी लागते, पण त्यांची ना वही ना लाल ‘एन’. लोकांना मात्र धास्ती नेमकी यांची. “सवय लागत नाही ना?” हे विचारताना बोट असतं सकाळच्या गोळीवर. रात्रीची महिनोन् महिने घेतली की शरीर तिला सरावतं, अर्धीची एक होते, आणि एकदम थांबवली तर झोप उडते, हात कापतात, क्वचित फिटसुद्धा येते. वयस्कर माणसं रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडतात आणि खुब्याचं हाड मोडून घेतात. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, हाडांच्या वॉर्डांत चौकशी करा.

माझी एक तक्रार इथेच मांडते. आपल्याकडे एसिटालोप्रॅम आणि क्लोनॅझेपाम एकाच गोळीत मिळतात आणि भरपूर खपतात. सोय वाटते, पण एक बंद करून दुसरी चालू ठेवायची वेळ आली की करायचं काय? गोळीचे दोन तुकडे केले तरी दोन्ही औषधं दोन्ही तुकड्यांत असतात. काही डॉक्टर म्हणूनच दोन्ही सुट्या लिहितात. ज्यांच्या चिठ्ठीवर दोन्ही एकत्र आहेत त्यांनी पुढच्या भेटीत हा प्रश्न जरूर विचारावा.

डिप्रेशनची औषधं सापडली कशी, ती गोष्ट मिरजेच्या माणसाला थोडी घरची वाटेल. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला मिशनचं क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम होतं. आयसोनियाझिड हे टीबीच्या औषधाचं नाव आमच्या भागात जुन्या लोकांच्या तोंडी आहे. त्याचाच एक भाऊ म्हणजे इप्रोनियाझिड. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू या टीबीच्या इस्पितळात तो देऊन बघितला, तर खाटेवरून न उठणारे पेशंट जेवण मागायला लागले, एकमेकांशी थट्टा करायला लागले, वॉर्डात नाचतानाचे त्यांचे फोटो छापून आले. फुप्फुसं अजून बरी झाली नव्हती, मन आधी उठून बसलं होतं. १९५७ मध्ये नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने तेच औषध टीबी नसलेल्या उदास माणसांवर वापरलं. पुढे त्या औषधाने यकृताला इजा होते असं दिसल्यावर ते मागे पडलं.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून या डॉक्टरने इमिप्रामिनची हकिगत मांडली. औषध कंपनीला ते स्किझोफ्रेनियासाठी हवं होतं. तिथे ते चाललं नाही, पण खोल उदासीतल्या पेशंटांचा चेहरा बदलला. सप्टेंबर १९५७ मध्ये झुरिकच्या परिषदेत त्याने हे सांगितलं तेव्हा समोर जेमतेम डझनभर माणसं बसली होती म्हणतात. इमिप्रामिन आजही माझ्या कपाटात आहे, बहुतेक वेळा अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांसाठी जातं.

तिसरा धागा मुंबईचा. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वैद्य फार पूर्वीपासून वापरत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबावर तिचा उपयोग होतो हे १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं आणि जगाचं लक्ष वेधलं. या मुळीतून निघालेलं रिसर्पिन जगभर खपलं. मग ते घेणाऱ्यांपैकी काही जण उदास होतात, अशा नोंदी यायला लागल्या. १९५५च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की रिसर्पिनने शरीरातला सेरोटोनिन या रसायनाचा साठा रिकामा होतो. रिसर्पिनने उदासी येते ही गोष्ट पुढे तपासल्यावर पहिल्याइतकी पक्की राहिली नाही. पण तोवर विचाराला दिशा मिळाली होती: उदासी म्हणजे मेंदूतल्या काही रसायनांची कमतरता असणार.

‘सेरोटोनिन कमी झालंय’ हे वाक्य दवाखान्यातून पेशंटबरोबर माझ्या दुकानापर्यंत येतं. समजायला सोपं आहे, आणि ‘तुझ्या मनातच खोट आहे’ या टोमण्यापेक्षा शंभर पटींनी बरं आहे. पण ते अर्धवट आहे. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देताना सेरोटोनिन सोडते आणि काम झालं की परत ओढून घेते. एसिटालोप्रॅमसारखी गोळी हे परत ओढणं रोखते, त्यामुळे ते दोन पेशींच्या मधल्या फटीत जास्त वेळ राहतं. एवढं काम तर पहिल्या काही तासांतच होतं. मग माणसाला बरं वाटायला आठवडे का लागावेत? त्याचा अर्थ, खरा फरक नंतर घडतो. पेशी हळूहळू आपलं वागणं बदलतात, नवे जोड तयार होतात, असं संशोधक मानतात. सेरोटोनिन कमी असल्यानेच डिप्रेशन येतं याला भक्कम पुरावा नाही, असा आढावा २०२२ मध्ये लंडनच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी छापला आणि बराच गदारोळ झाला. तो वाचून ‘मग गोळ्या सगळ्या खोट्या’ म्हणणारी मंडळीही दुकानात येऊन गेली. औषध कसं चालतं याची सांगितलेली कहाणी चुकली, म्हणून औषध चालतच नाही असं होत नाही. ते चालतं की नाही हे वेगळं तपासावं लागतं.

ते तपासलेलंही आहे. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. २१ औषधं, १ लाख १६ हजारांवर माणसं. एकवीसच्या एकवीस औषधं, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक बेताचा होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्याच औषधाने पूर्ण बरी झालेली माणसं साधारण एक तृतीयांश होती. उरलेल्यांना औषध बदलावं लागलं, जोडीला दुसरं द्यावं लागलं. म्हणून डॉक्टर गोळी बदलतो तेव्हा “त्याला काय कळत नाही वाटतं” असं पुटपुटणाऱ्यांना मी सांगते की, यात अडाणीपणा नाही, ही रीतच आहे.

आपल्या जवळचा पुरावा गोव्याचा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या साध्या ओपीडीत आलेल्या ४५० माणसांवर चाचणी केली, निकाल २००३ मध्ये आला. कोणाला फ्लुऑक्सेटिन, कोणाला समुपदेशन, कोणाला खोटी गोळी. आपल्याकडे माणसं ‘मन उदास आहे’ म्हणून ओपीडीत येत नाहीत. अंग दुखतं, झोप येत नाही, ताकद नाही, अशा तक्रारी घेऊन येतात. पहिल्या दोन महिन्यांत फ्लुऑक्सेटिन सरस ठरली, तेव्हाच्या पद्धतीचं समुपदेशन नाही. पण त्या मंडळींनी तिथेच सोडलं नाही. त्यांनी गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत पुन्हा चाचणी केली, निकाल २०१७ मध्ये आला. तीत शिकवून तयार केलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत पेशंटला रोजच्या कामांत, माणसांत पुन्हा हळूहळू ओढून आणलं आणि बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशनलाही उतार पडला. ‘गोळी की बोलणं’ हे भांडण मला म्हणूनच फोल वाटतं. अवघड एवढंच की गोळी माझ्या कपाटात आहे, आणि तसा माणूस तालुक्याच्या गावी शोधून सापडत नाही.

आता त्रासांबद्दल. मळमळ बहुतेकांची आठ-दहा दिवसांत जाते, जेवणानंतर घेतली तर कमी होते. मर्टाझॅपिन या डिप्रेशनच्याच औषधाने झोप आणि भूक दोन्ही वाढतात. न जेवणाऱ्या, न झोपणाऱ्या वाळलेल्या म्हाताऱ्याला ते वरदान, वजनाला कंटाळलेल्या बाईला नकोसं. संबंधांतली इच्छा मंदावणं हा त्रास मात्र फार जणांना होतो आणि फार थोडे सांगतात. एक गृहस्थ दुकानातली सगळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत खोकल्याच्या औषधांचं शेल्फ वाचत उभे होते. मग हळूच म्हणाले, बायकोला वाटतंय माझं बाहेर काहीतरी चाललंय. हे गोळीमुळे होऊ शकतं आणि डॉक्टर डोस कमी करून किंवा औषध बदलून त्यावर उपाय करू शकतात, एवढं ऐकूनच त्यांचे खांदे खाली आले. बायका हे माझ्याशीसुद्धा बोलत नाहीत.

बायकांची मागणी वेगळी असते. “नावाचा कोपरा कापून द्या ना वहिनी.” सासूच्या हाती पाकीट लागलं आणि तिने कोणाला तरी वाचायला दिलं तर? एका सुनेने गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवल्या होत्या. मला ती भीती कळते, तरी मी कोपरा कापत नाही, कारण त्या पाकिटावरच नाव, बॅच आणि मुदत असते. उद्या तिला चक्कर येऊन दवाखान्यात नेलं, तर ती काय घेते हे डॉक्टरला कळायला नको? पिशवी मात्र दोन पदरी, कागदी देते.

याच्या उलटही घडतं. मधुमेहाने तळपायांची आग होणाऱ्या आजींना दहा मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन लिहिलेली असते. नातू मोबाइलवर नाव टाकतो, ‘डिप्रेशन’ वाचतो आणि तावातावाने येतो: आमच्या आजीला काय वेड लागलंय का? नसांच्या दुखण्यावर, अर्धशिशीवरही ही जुनी औषधं लहान मात्रेत चालतात. ड्युलॉक्सेटिन हे डिप्रेशनचं औषधही नसांच्या दुखण्यावर देतात.

साठीच्या पुढच्यांच्या बाबतीत मी एक गोष्ट हमखास बघते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि तिच्या जोडीला एसिटालोप्रॅमसारखी गोळी सुरू झाली, तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. माणूस ग्लानीत जातो, असंबद्ध बोलतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं. अंगदुखीच्या ट्रॅमाडॉलबरोबरही या गोळ्यांचं जमत नाही. तरुणांचं वेगळं: पहिल्या काही आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये चोविशीपर्यंतच्यांसाठी ठळक इशारा छापायला लावला. त्याचा अर्थ औषध देऊ नये असा नाही. त्या आठवड्यांत कोणीतरी सोबत असावं, गोळ्यांचा साठा घरच्यांकडे असावा, आणि तसा विचार बोलून दाखवला तर तडक डॉक्टर गाठावा. रात्री-अपरात्री कोणी सापडलं नाही तर १४४१६ ही सरकारची टेलिमानस लाइन आहे, मराठीतही बोलता येतं.

सगळ्यात फसवी असते ती ‘एकदम तरतरी’. आठ दिवसांपूर्वी भिंतीकडे तोंड करून पडलेला मुलगा आता झोपतच नाही, पहाटे चारला उठून धंद्याचे बेत सांगतो, उधारीवर मोटरसायकल आणतो. घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात. ही उदासी बायपोलर आजारातली होती आणि गोळीने माणूस दुसऱ्या टोकाला गेला, असं असू शकतं. तिथे बऱ्याचदा लिथियम लागतं. मेलबर्नजवळ जॉन केड यांनी आधी गिनीपिगांवर आणि मग पेशंटांवर ते वापरून १९४९ मध्ये त्याबद्दल लिहिलं. साधं खनिज, कोणा कंपनीचं पेटंट नाही, किंमतही फार नाही, आणि आजही त्याच्या तोडीचं काही मिळालेलं नाही. फक्त गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडं, म्हणून रक्तातली पातळी अधूनमधून मोजायची. अंगातलं पाणी कमी झालं की पातळी चढते. त्यामुळे मे महिन्यात शेतात राबणारे, जुलाब लागलेले, निर्जळी एकादशी करणारे आणि रोजे धरणारे, या सगळ्यांना मी डॉक्टरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका म्हणते. गुडघा दुखतो म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मागितलं तरीही तेच. हात जास्त थरथरणं, उलट्या, पाय लटपटणं, जीभ जड होणं, ही लक्षणं दिसली तर वाट बघायची नसते.

आणि बंद कधी करायची? पहिल्याच वेळी आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतर आणखी सहा ते नऊ महिने, असं साधारण सांगतात. दोन-तीनदा उलटला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं गोळ्या घेऊन आता बरी असलेल्या ४७८ माणसांवर एक चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आला. वर्षभरात आजार उलटला तो गोळ्या सोडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. मला हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेसे वाटतात. गोळीने राखण होते. आणि सोडणाऱ्यांपैकीही शंभरातल्या चव्वेचाळीस जणांचं ठीक चाललं, म्हणजे जन्मभराची बेडी वगैरे काही नाही.

सोडायची ती मात्र हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी डोस उतरवत. एकदम थांबवली तर गरगरतं, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनला हे जास्त, फ्लुऑक्सेटिनला कमी, कारण ती शरीरातून निघायलाच आठवडे घेते. हे झटके म्हणजे व्यसन नव्हे. व्यसनात माणूस डोस वाढवत नेतो, गोळीसाठी जीव टाकतो. एसिटालोप्रॅमसाठी रात्री अकराला शटर वाजवणारा मी बघितलेला नाही, अल्प्राझोलामसाठी वाजतं.

पण एकदम थांबण्याचं खरं कारण पुष्कळदा पेशंटच्या मनात नसतं, एसटीच्या आणि रेल्वेच्या वेळापत्रकात असतं. आमच्याकडे कर्नाटकातल्या अथणी-कुडचीहून, इकडे जतकडून लोक येतात. गावच्या दुकानात लिथियम ठेवत नाहीत, खप नाही म्हणून. ऊसतोड लांबली, पाऊस लागला, भाड्याला पैसे नव्हते, की महिन्याची फेरी हुकते आणि गोळ्या संपतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१६ मध्ये सांगितलं की निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. फेरी हुकलेली ही माणसं तर उपचार मिळालेल्या थोड्यांपैकी. म्हणून बाहेरगावचा माणूस सकाळची गोळी घ्यायला आला की मी डॉक्टरची पुढची तारीख आधी बघते, चिठ्ठीत बसत असेल तर त्या तारखेच्या पुढचा आठवडा धरून गोळ्या मोजते, आणि पाकिटावर पेनाने कन्नडमध्ये की मराठीत लिहू ते विचारते.